पाहुणा खलनायक : टायगर जीत सिंग आणि व्यावसायिक कुस्तीतील परक्याची भूमिका

प्रास्ताविक

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नरसी हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे पंजाबातील भाविक नरसीला येत असतात. गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण १७०८ मध्ये झाले ते शेजारच्या नांदेडला. त्यामुळे या भागातील माणसाला पगडी, दाढी आणि कृपाण पाहून भीती वाटत नाही. ती श्रद्धेची चिन्हे आहेत हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. अशीच पगडी बांधून आणि हातात तलवार घेऊन पंजाबात जन्मलेला एक मल्ल १९७३ साली जपानच्या रिंगणात उतरला आणि पुढील अनेक वर्षे जपानी प्रेक्षक तो जवळ येताच खुर्च्या सोडून पळत राहिले. त्याचे रिंगणातील नाव टायगर जीत सिंग. जपानी कुस्तीरसिकांनी त्याला दिलेल्या बिरुदाचा अर्थ 'भारताचा पिसाळलेला वाघ' असा होतो.

एकाच वेषाचे दोन ठिकाणी दोन अगदी विरुद्ध अर्थ कसे होतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. व्यावसायिक कुस्तीतील परदेशी खलनायक हा स्वतःच्या देशाचा प्रतिनिधी नसतो. यजमान देशाच्या गरजेतून, बाजारपेठेतून आणि अज्ञानातून तो घडवला जातो. ही भूमिका करणाऱ्या माणसाचे कौशल्य खरे असते आणि तिची किंमतही खरी असते. मात्र ती किंमत सर्वस्वी त्यालाच मोजावी लागते असे नाही. विवेचनाच्या सोयीसाठी येथे माणसाचा उल्लेख 'हंस' असा आदरार्थी बहुवचनात आणि त्यांनी वठवलेल्या पात्राचा उल्लेख 'टायगर' असा एकवचनात केला आहे. कारण ज्या चर्चेत ही दोन्ही एकच मानली जातात, ती बहुधा निषेधापाशी किंवा कौतुकापाशी येऊन थांबते.

'नुरा कुस्ती' आणि फ्रीस्टाइल

महाराष्ट्राची कुस्तीविषयक जाण जत्रेतल्या मैदानावर घडलेली आहे. हलगी वाजते, पंच जोड लावतात, नारळापासून सुरू झालेल्या कुस्त्या मोठ्या इनामापर्यंत चढत जातात आणि पाठ मातीला लागली की निकाल होतो. पंजाब-हरियाणाचा मल्ल आला आणि त्याने डाव चांगला केला, तर त्यालाही फेटा बांधला जातो. बाहेरचा आहे म्हणून तो दुष्ट ठरत नाही. या परंपरेत सर्वांत मोठे पाप एकच, ते म्हणजे संगनमताने लढणे. 'नुरा कुस्ती' हा शब्द आज राजकीय अग्रलेखांत अधिक दिसत असला, तरी त्यातील तिरस्कार आखाड्यातूनच आलेला आहे.

भाषेने या तिरस्काराची आणखी एक खूण जपून ठेवली आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले ते फ्रीस्टाइल प्रकारात. म्हणजे हा शब्द भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिम्पिक कुस्तीपदकाशी जोडलेला आहे. परंतु मराठी वृत्तपत्रांत 'ग्रामसभेत फ्रीस्टाइल' असा मथळा आला, की कोणीही ऑलिम्पिकची आठवण काढत नाही. खुर्च्या फेकल्या गेल्या एवढेच त्यातून कळते. शब्दाचा हा अर्थपालट खाशाबांच्या खेळामुळे झालेला नाही. मोठ्या शहरांत तिकीट लावून होणाऱ्या प्रदर्शनी कुस्त्यांनी तो घडवला. खऱ्या खेळाचे नाव दिखाऊ खेळाने पळवले, असे कुस्तीप्रेमींना वाटले तर नवल नाही.

तथापि, 'हे खोटे आहे' एवढे म्हटल्याने समीक्षेचे काम संपत नाही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायथॉलॉजीज' या ग्रंथाच्या आरंभीच व्यावसायिक कुस्तीवर निबंध ठेवला आहे. लढत ठरवलेली आहे की नाही याची प्रेक्षकाला पर्वा नसते, कारण तो निकाल पाहायला आलेला नसून वेदना, पराभव आणि न्याय यांचे ठळक दर्शन घ्यायला आलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याच निबंधात ते जाता जाता असेही नोंदवतात, की अमेरिकेत दुष्ट मल्ल हा राजकीय शत्रू, म्हणजे 'लाल', मानला जातो. बार्थ यांनी हा धागा पुढे नेला नाही. टायगरची कारकीर्द समजून घ्यायची, तर नेमका तोच पुढे न्यावा लागतो.

भारतीय नाट्यविचारही येथे उपयोगी पडतो. रंगभूमीवर शस्त्र चालवताना भेद, छेद आणि रक्तस्राव घडू नये, असा दंडक नाट्यशास्त्रात आहे. हिंगोलीच्या दसऱ्यातील रामलीलेत रावण कितीही गरजला, तरी बाण लागल्याचा अभिनय होतो, बाण लागत नाही. व्यावसायिक कुस्ती हा दंडक मोडते. शेवट ठरलेला असतो. परंतु पाठ आपटते ती खरीच, आणि कपाळावर ब्लेडने चीर देऊन काढलेले रक्तही खरेच असते. म्हणून या प्रकाराला निखळ नाट्य म्हणता येत नाही आणि स्पर्धाही म्हणता येत नाही. टायगर याच अडचणीच्या जागेत उभा होता.

खलनायक का हवा होता?

जगजीत सिंग हंस यांचा जन्म १९४४ साली लुधियाना जिल्ह्यातील सुजापूरचा. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते कॅनडात गेले आणि तेथे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले कठोर शिस्तीचे मल्ल फ्रेड अ‍ॅटकिन्स यांच्या हाताखाली तयार झाले. टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये 'द शेख' या नावाने वावरणाऱ्या लेबनीज वंशाच्या अमेरिकन मल्लाबरोबर ते कधी जोडीदार म्हणून, तर कधी प्रतिस्पर्धी म्हणून लढले. खलनायकी शब्दांपेक्षा डोळ्यांनी आणि चालीने कशी करावी, याचा शेख हा त्या काळातील नमुना होता. टायगरची पुढची सारी घडण पाहता हा सहवास वाया गेला नाही, हे स्पष्ट दिसते.

जपानमध्ये मात्र त्यांना नेले ते एका व्यावसायिक अडचणीने. अंतोनिओ इनोकी यांनी १९७२ मध्ये न्यू जपान ही संस्था काढली. त्याच वर्षी जायंट बाबा यांनी ऑल जपान ही प्रतिस्पर्धी संस्था उभी केली आणि अमेरिकेतील नामांकित मल्ल पुरवणाऱ्या एनडब्ल्यूए या संघटनेशी संबंध जुळले ते बाबांचे. प्रसिद्ध अमेरिकन खलनायक इनोकींना मिळेनात. तयार शत्रू मिळत नसेल, तर नवा घडवावा लागतो. टायगर हा अशा टंचाईतून जन्मलेला खलनायक होय.

यातील मौज जपानी कुस्तीचा पूर्वेतिहास पाहिल्यावर अधिक लक्षात येते. युद्धात हरलेल्या जपानमध्ये १९५४ साली रिकिदोझान या मल्लाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर 'अमेरिकन' शार्प बंधूंना झोडपले, तेव्हा चौकाचौकांत बसवलेल्या संचांपुढे गर्दी उसळली होती. पराभूत राष्ट्राला तो सूड वाटला. प्रत्यक्षात शार्प बंधू कॅनडाचे होते आणि राष्ट्रनायक ठरलेला रिकिदोझान जन्माने कोरियन होता. ही गोष्ट त्याच्या हयातीत जनतेपासून लपवली गेली. म्हणजे नायकाचे परकेपण झाकायचे आणि खलनायकाचे परकेपण हवे तसे रंगवायचे, ही रीत तेथे आधीच रुळली होती. इनोकी हे रिकिदोझानचेच शिष्य.

अमेरिकन खलनायकाला युद्धाची आठवण आयती मिळत असे. भारताविषयी जपानी मनात तसे वैर नव्हते. असलीच तर बुद्धभूमी म्हणून आस्था होती. म्हणून टायगरला द्वेष उसना मिळाला नाही, तो शून्यातून निर्माण करावा लागला. हंस यांचे खरे कर्तृत्व येथे आहे.

तलवारीची मूठ

टायगरच्या हातातील शस्त्राला जपानमध्ये 'साबेरू' म्हणत. हा शब्द युरोपीय घोडदळाच्या सेबर तलवारीवरून आलेला आहे आणि ते शस्त्रही त्याच जातीचे होते. ती कृपाण नव्हती. ती तो अनेकदा दातांत धरून येई आणि प्रहार करी तो बहुधा मुठीने. पाते लखलखत राहायचे आणि मूठ काम करायची. पात्याची भीती आणि मुठीचा मार यांची ही विभागणी हा त्याच्या कलेचा गाभा म्हणता येईल. प्रेक्षकाला जे दिसते ते जीवघेणे वाटते, प्रतिस्पर्ध्याला जे लागते ते सोसण्याजोगे असते.

डावपेचांच्या दृष्टीने टायगरची कुस्ती समृद्ध नव्हती, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅटकिन्स यांच्याकडे शिकलेली पकड त्याने क्वचितच दाखवली. परंतु त्याने रिंगणाची सीमा पुसून टाकली, आणि ते साधे काम नव्हते. घंटा होण्यापूर्वीच तो तलवार परजत प्रेक्षकांत शिरे. रांगा मोडत, खुर्च्या कोसळत. आखाड्याबाहेर बसलेला माणूस सुरक्षित असतो, हा तिकिटातील अलिखित करार तो मोडत असे. प्रेक्षक त्यासाठीच पुन्हा येत.

नोव्हेंबर १९७३ मध्ये ही सीमा आणखी पुढे सरकली. टोकियोच्या शिंजुकू भागातील इसेतान या मोठ्या दुकानाजवळ पत्नी, अभिनेत्री मित्सुको बाइशो, यांच्यासह आलेल्या इनोकींवर टायगर आणि त्याच्या साथीदारांनी भर रस्त्यात हल्ला केला. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. हा बनाव होता की नव्हता, यावर जपानी कुस्तीरसिक अर्धे शतक वाद घालत आले आहेत. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे, की त्या दिवसापासून टायगर हे पात्र रस्त्यावर, उपाहारगृहात आणि विमानतळावरही पात्रच राहिले. रामलीलेतील रावण मुखवटा उतरवून चहा प्यायला बसतो आणि मुले त्याच्याभोवती जमतात. हंस यांना जपानमध्ये ती सवलत नव्हती. मराठीत निळू फुले यांच्या वाट्याला असे काही अंशी आले होते. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या या सज्जन नटाला पाहून स्त्रिया खरोखरच दचकत. पण फुले यांना 'सिंहासन'मधला पत्रकार दिगूही करता आला. टायगरला दुसरी भूमिका उपलब्ध नव्हती.

१९७४ मध्ये ओसाकातील लढतीत इनोकींनी टायगरचा हात पिरगळून मोडला, असे दाखवले गेले आणि प्रेक्षकांच्या न्यायबुद्धीचे समाधान झाले. १९७५ मध्ये टायगरने इनोकींकडून एनडब्ल्यूएफ विजेतेपद घेतले आणि त्याच वर्षी ते परत गमावले. विजेतेपद खलनायकाकडे जाते ते नायकाला परत मिळवता यावे म्हणून, हे या धंद्याचे जुने गणित. पुढे उमानोसुके उएदा या जपानी खलनायकाशी त्याची जोडी जमली. १९८१ मध्ये हंस प्रतिस्पर्धी ऑल जपानमध्ये गेले, तेव्हा एकेकाळी टंचाईतून निघालेला हा खलनायक पळवून नेण्याइतका मोलाचा झाला होता.

या ठरलेल्या जगाच्या शेजारीच न ठरलेले जगही होते. डिसेंबर १९७६ मध्ये इनोकी कराचीत गामा पहिलवानांचे पुतणे अक्रम यांच्याशी लढले. ती लढत प्रदर्शनापुरती न राहता खरी झाली आणि अक्रम यांचा हात निखळला, असे कुस्तीचे इतिहासकार मानतात. उपखंडाचा मल्ल जपानी मल्लासमोर प्रामाणिकपणे उतरला, तेव्हा त्याच्या वाट्याला दुखापत आली. खलनायक म्हणून उतरला, तेव्हा दीर्घ कारकीर्द. या तुलनेत काही कटू असेल, तर ते झाकण्याचे कारण नाही.

पगडी कोणाची?

परदेशी खलनायकाच्या बाबतीत यजमान देश तपशिलाविषयी किती बेफिकीर असतो, याची उदाहरणे उत्तर अमेरिकेत मुबलक आहेत. कॅनडातील कॅल्गरीच्या स्टॅम्पीड संस्थेत गडोवर सिंग सहोता हे 'गामा सिंग' या नावाने खलनायक होते. ज्या गामांनी १९१० मध्ये लंडनला जाऊन झिबिस्कोसारख्या मल्लाला खुल्या लढतीत जवळजवळ तीन तास जखडून ठेवले, त्यांचेच हे नाव. १९८० च्या दशकातील त्यांच्या टोळीचे नाव 'कराची व्हाइस' होते. पंजाबी शिखाला कराचीचा ठरवण्यात कोणालाच अडचण वाटली नाही. त्या टोळीतील 'मखन सिंग' आणि 'वोखन सिंग' हे तर माइक शॉ आणि गॅरी ऑलब्राइट हे अमेरिकन मल्ल होते. येथे पगडी ही ओळख उरत नाही, कोणालाही चढवता येणारा मुखवटा होते. अमेरिकेत हुसेन वझिरी हे कुस्तीतील खरे कसब असलेले इराणी मल्ल 'आयर्न शेख' म्हणून गाजले. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्यांनाच 'कर्नल मुस्तफा' या नावाने इराकी बनवण्यात आले. इराण आणि इराक आठ वर्षे एकमेकांशी लढले होते, याचे भान त्या कथानकाला नव्हते.

गामा सिंग यांचे पुतणे युवराज सिंग धेसी, म्हणजेच जिंदर महाल, मे २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचे विजेते झाले. कॅल्गरीत जन्मलेला हा मल्ल रिंगणात भारताचा अहंकारी प्रतिनिधी होता आणि त्यामागे भारतीय बाजारपेठेचा विचार असल्याची चर्चा तेव्हा उघडपणे झाली. डिसेंबर २०१७ मध्ये संस्था दिल्लीत आली, तेव्हा ट्रिपल एच या अमेरिकन मल्लाने महालला हरवले. भारतीय म्हणून ज्याला बाहेर खलनायक केले, त्याला भारतातही जिंकू दिले गेले नाही.

अशा भूमिकांची किंमत मल्लापेक्षा त्याच्या समाजातील इतरांना अधिक मोजावी लागते, हा आक्षेप गंभीर आहे. रिंगणातील 'सिंग' संध्याकाळी मानधन घेऊन जातो; दुसऱ्या दिवशी शाळेत पगडी बांधून जाणाऱ्या मुलाला त्या पात्राचे नाव ऐकावे लागते. टायगरच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की जपानमध्ये शीख समाज अत्यल्प होता आणि हंस यांनी पात्राला धर्माचे शब्द बोलायला लावले नाहीत. त्याच्या भीतीचा स्रोत वेडेपणा होता, पंथ नव्हता. हा बचाव अर्धाच आहे. प्रेक्षकाने वेड आणि पगडी एकत्रच पाहिली.

मुंबईचा किंग काँग

या बाबतीत भारतीय प्रेक्षक केवळ बळी होता असे नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांसमोर जो अवाढव्य देह उभा केला जाई, तो एमिल झाया ऊर्फ 'किंग काँग' यांचा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात १९०९ साली जन्मलेले हे मल्ल सिंगापूर आणि भारत या पट्ट्यात आयुष्यभर परदेशी खलनायक म्हणून जगले आणि १९७० मध्ये सिंगापूरला वारले. सुमारे दोनशे किलोंचा तो गोरा देह कोसळला, की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांतील प्रेक्षकाला जे समाधान मिळे, ते रिकिदोझानच्या प्रेक्षकाच्या समाधानाहून फार वेगळे नसावे. हंगेरी या देशाने भारताचे कधी काही बिघडवले नव्हते. पण गोरेपण पुरेसे होते. तपशिलाची बेफिकिरी आपल्याकडेही होती.

दारासिंगांना या लढतींनी चित्रपट दिले. १९६२ मधील त्यांच्या नायकपदाच्या चित्रपटाचे नावही 'किंग काँग'च होते. पुढे ते दूरचित्रवाणीवर हनुमान झाले आणि २००३ मध्ये राज्यसभेवर गेले. जपानमध्ये इनोकी १९८९ मध्ये संसदेत निवडून आले. दोन्ही देशांत नायक सभागृहात पोहोचले. ज्यांच्या पडण्यावर ही उंची उभी राहिली, त्या किंग काँगची आठवण मराठीत मुख्यतः लठ्ठ माणसाच्या चेष्टेपुरती उरली. मराठी कुस्तीविषयक लेखन वस्ताद, तालीम आणि केसरी यांच्या गौरवात रमले आणि 'नुरा' म्हणून या साऱ्या प्रकाराकडे पाठ फिरवली. त्यामुळे मुंबईतील त्या गर्दीने नेमके काय पाहिले आणि कशावर टाळ्या वाजवल्या, याचा विचार करण्याची संधी हुकली. गर्दीत गिरणगावातील मराठी प्रेक्षक नसेल, असे मानणे कठीण आहे.

टायगरचे मात्र काहीसे वेगळे झाले. कॅनडात परतल्यावर हंस यांनी व्यवसाय उभारला, समाजकार्यात पैसा घातला आणि त्यांना ऑर्डर ऑफ ओंटारिओ हा प्रांताचा सन्मान मिळाला. २०१० मध्ये ओंटारिओतील मिल्टन गावी त्यांच्या नावाने एक सरकारी शाळा सुरू झाली. शाळेला जगजीत सिंग हंस हे नाव देता आले असते. दिले गेले ते टायगर जीत सिंग पब्लिक स्कूल.